नमुना त्रेपन्न

९ सप्टेंबर, सोमवार

अभ्यासाच्या नोंदींसाठी मागवलेल्या वह्यांतली एक उरली, ती डॉक्टरीणबाईंनी मला दिली. "काका, घरी न्या, काहीतरी लिहा," म्हणाल्या. घरी काय लिहायचं? घरी घडतं काय? नळ गळतो, तो मी घट्ट करतो. पण एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसासमोर कोरी वही ठेवली की त्याचे हात शिवशिवतात. तर लिहितो.

ही गेली त्याला तीन वर्षं झाली, मला निवृत्त होऊन दोन. जुलैत डॉक्टरीणबाईंचा फोन आला की एक अभ्यास करायचाय, हात बारीक कामाचा हवा, याल का? खोटं कशाला बोलू, फोन ठेवल्यावर मी दुपारी तीन वाजता दाढी केली.

काम असं आहे. प्रसूतीच्या खोलीच्या भिंतीला एक सरकती खिडकी आहे. तिच्याबाहेर माझं स्टूल. आत बाळ जन्मतं, नाळ कापतात, आणि दोन चिमट्यांमध्ये धरलेला नाळेचा वीतभर तुकडा मोठी सिस्टर खिडकीतून माझ्या ताटात ठेवते. नाळेत तीन वाहिन्या असतात. रुंद नीला वारेकडून बाळाकडे रक्त नेते, दोन बारीक रोहिण्या बाळाकडून परत आणतात. मी दोन्हींतून वेगवेगळं रक्त काढतो, नळ्यांवर लेबल लावतो, यंत्रात गरगर फिरवतो, वरचं पिवळं पाणी वेगळं करून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवतो. नंतर त्यात कॉर्टिसॉल हे ताणात वाढणारं संप्रेरक मोजायचं. कळा सोसून जन्मलेल्या बाळांच्या रक्तात ते किती आणि आधी तारीख ठरवून, कळा सुरू होण्याआधीच ऑपरेशननं काढलेल्या बाळांच्या रक्तात किती, एवढाच प्रश्न. दोन्ही गटांत चाळीस-चाळीस. आज एकेचाळीस झाले.

बाळ मी कधी बघत नाही. ऐकतो फक्त.

लेकीची तारीख चौदा ऑक्टोबर आहे. जावई बोटीवर, नोव्हेंबरशिवाय उतरत नाही. मागच्या महिन्यात मी विचारलं होतं, कोण येणार तुझ्याकडे? ती म्हणाली, "कोणी यायची गरज नाही, बाबा. दवाखाना चांगला आहे." नाही म्हटलं म्हणजे नाही. मी कुणाच्या घरी आगंतुकासारखा जाणारा माणूस नाही, लेकीच्याही नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी लेकीचा फोन. हिची निळी लोकरी शाल घरात आहे का? म्हटलं, आहे, कपाटात वरच्या फळीवर. ती म्हणाली, "मला हवी होती." मग जरा थांबून, "घाई नाही काही. कोणी इकडे येणारं असलं तर."

इकडून तिकडे कोण जाणार? साडेतीन तासांचा बसचा रस्ता. मी उद्याच पार्सल करतो म्हटलं. "बरं," म्हणाली आणि ठेवला. एवढ्या तत्परतेचं कौतुक नाही.

पूर्वी फोनवर हीच बोलायची. तास तास. शेवटी रिसीव्हर माझ्याकडे यायचा आणि मी म्हणायचो, "बरी आहेस ना? ठेवतो." ही चिडायची. म्हणायची, "बाप तसा आणि लेक तशी, दोघंही ताकाला जाऊन भांडं लपवणारे." माझं कसलं भांडं आणि कसलं ताक, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

शालीला अजून हिच्या तेलाचा वास आहे. बांधायला बराच वेळ लागला.

१७ सप्टेंबर, मंगळवार

तीन नमुने. त्रेपन्नवा जरा लक्षात राहिला. ठरलेलं ऑपरेशन, नऊ वाजताचं. बाईची ट्रॉली आणून माझ्या स्टुलासमोर उभी केली होती, आत टेबल तयार होईपर्यंत. विशीतली असेल. ट्रॉलीची कड धरून छताकडे बघत होती. मला म्हणाली, "काका, किती वाजले?" मी सांगितलं, आठ चाळीस. पुन्हा, "किती वाजले?" आठ चव्वेचाळीस. पुन्हा. आठ अठ्ठेचाळीस. मला हसू आलं. म्हटलं, "पोरी, नऊला घेणार म्हणजे नऊलाच घेणार, आमचे डॉक्टर घड्याळावर चालतात." ती म्हणाली, "हो, हो, माहीत आहे." घाबरट असतात बिचाऱ्या.

नऊ सतराला बाळ रडलं. दोन्ही नळ्या पहिल्या झटक्यात भरल्या. फॉर्ममध्ये भरलं: आठवडे एकोणचाळीस, कळा नाहीत. हे सगळं मी केसपेपरवरून उतरवतो. केसपेपरवर अजून बरंच काय काय असतं, पत्ता, सोबत कोण, वगैरे. ते आपल्याला लागत नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

लेकीचा फोन. शाल मिळाली. बाळासाठी केलेल्या खोलीचा दरवाजा खाली घासतो, उघडताना करकर वाजतो. "तुम्हाला येतं ना बाबा रंधा मारायला? आपल्याकडचा मारला होता बघा."

मी तिला नीट समजावलं. आधी बिजागरीचे स्क्रू आवळून बघायचे, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर सुतार बोलवायचा, आणि तो रंधा मारताना खालून किती काढतो त्यावर लक्ष ठेवायचं, ही मंडळी हातभर काढतात. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "सुतार कुठे शोधू मी?" म्हटलं, शेजारी विचार.

ठेवल्यावर वाटलं, आठव्या महिन्यानंतर दरवाजे कसले दुरुस्त करत बसते ही. आईसारखीच, स्वस्थ बसवत नाही.

रविवारी दिवसभर कुणाशी बोललो नाही हे आज सकाळी मोठ्या सिस्टरला "आला का नमुना?" म्हणताना आवाज बसका लागला तेव्हा कळलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आजचा फोन चांगला झाला. बावीस मिनिटं! लेकीनं आपणहून विचारलं, तुम्ही नेमकं मोजता काय? मग मी सांगत सुटलो, अगदी दहा ऑक्टोबरला शेवटचा नमुना इथपर्यंत. म्हटलं, कॉर्टिसॉल हे ताण आला की वाढतं म्हणून लोक त्याला नावं ठेवतात, पण बाळाला ते हवंच असतं. आईचं कॉर्टिसॉल बाळाकडे जाताना वारेत बरंचसं निकामी होतं, वार पहारेकऱ्यासारखी बसलेली असते. म्हणून बाळ स्वतःचं तयार करतं. कळा सुरू झाल्या की ते भराभर वाढतं, फुफ्फुसं हवा घ्यायला सज्ज होतात. म्हणजे बाहेर यायची तयारी बाळ आतूनच करतं. रोहिणीतलं रक्त बाळाकडून आलेलं, त्यामुळे रोहिणीत नीलेपेक्षा जास्त निघालं तर समजायचं की ही बाळाची स्वतःची कमाई.

ती म्हणाली, "छान सांगता हो बाबा तुम्ही." हे तिनं उभ्या जन्मात पहिल्यांदा म्हटलं. मग म्हणाली, "आणि आईजवळ कोणी आपलं माणूस असलं तर? तर कमी होतो का ताण?"

मी म्हटलं, तो आमच्या अभ्यासाचा विषय नाही.

"हो, बरोबर," ती म्हणाली. "दमला असाल. ठेवते."

अभ्यासाचा विषय नाही हे खरंच आहे. कशाला वेडंवाकडं सांगायचं. पण बावीस मिनिटांनंतर घर जास्तच गप्प वाटलं. रेडिओ लावला, बंद केला.

१ ऑक्टोबर, मंगळवार

एकेचाळीस ते साठचे आकडे आले. सगळे अपेक्षेप्रमाणे. कळांवाली बाळं वर, ऑपरेशनवाली खाली. फक्त त्रेपन्न भलतंच. कळा नाहीत असा गट आणि आकडा त्या गटातल्या इतरांच्या तिप्पट. रोहिणी नीलेपेक्षा वर.

लेबलांची अदलाबदल? माझ्याकडून?

२ ऑक्टोबर, बुधवार

राखीव नळी काढून पुन्हा चाचणी केली. तोच आकडा, दशांशाचा काय तो फरक. शेजारचे बावन्न आणि चोपन्न दोन्ही आपापल्या जागी बरोबर. म्हणजे अदलाबदल झाली तर कुणाशी? जेवण गेलं नाही. चष्मा बदलून दीड वर्ष झालंय. लेबल लावताना हात थरथरला असेल का? एकतीस वर्षांत एक नळी चुकली नाही, हे मी कधी कुणापाशी बोललो नाही पण मनात फार मोठं करून ठेवलं होतं. आता तेवढंच तर उरलंय माझ्याकडे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, हेच वाईट झालं. "होतं हो काका एखाद्या वेळी. वगळूया त्रेपन्न. एकानं काय बिघडतं?"

मी म्हटलं, "बाई, माझ्या हातून चूक झाली असेल तर तसं लिहा. नसेल तर वगळता कशाला? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

त्या हसल्या. "मग संन्यासी निर्दोष आहे हे तुम्हीच सिद्ध करा." गंमतीनं म्हणाल्या. मला लागलं.

लेकीचा फोन आला होता, मी उचलला नाही. बोलण्यासारखा नव्हतो. उलट केला तर ती म्हणाली, "काही नाही, सहजच केला होता." आमची सगळी मंडळी सहजच.

७ ऑक्टोबर, सोमवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी तीन दिवस नळ्या, लेबलं, फ्रीझरच्या खणांचा नकाशा धुंडाळत होतो आणि उत्तर या वहीत पडलं होतं. सकाळी चहा पिताना सतरा तारखेचं पान उघडलं. आठ चाळीस. आठ चव्वेचाळीस. आठ अठ्ठेचाळीस.

चार-चार मिनिटांनी.

चहा तसाच ठेवून निघालो. मोठ्या सिस्टरला विचारलं, ती बाई परत कधी येणार? म्हणाली, आजच, बाळाच्या वजनाला. दुपारी बारापर्यंत वजनाच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. आली. बाळ कडेवर, पिशवी खांद्यावर, पाण्याची बाटली काखेत. दार पायानं ढकलत होती. मी उठून धरलं.

म्हटलं, "मला ओळखलंस का? तू मला वेळ विचारली होतीस."

ओळखलं तिनं. मी सरळच विचारलं, त्या दिवशी दुखत होतं का तुला?

आधी घाबरली. तिला वाटलं, बाळाच्या रक्तात काही निघालं. तसं नाही म्हटल्यावर खाली बसली. "दुखत होतं ना. पहाटे चारपासून."

"मग सांगितलं नाहीस कुणाला?"

"कुणाला सांगणार? सगळ्या कामात होत्या. नऊला ऑपरेशन होतंच. म्हटलं, थोडा वेळ तर काढायचाय, कशाला कुणाला त्रास." बाळाचं टोपडं सरळ करत ती म्हणाली, "बरोबर कोणी असतं तर बोलले असते. आपल्या माणसापाशी कण्हता तरी येतं."

"मला का विचारत होतीस वेळ?"

"तुम्ही एकटेच रिकामे दिसलात." मग हसली. "आणि तुम्ही दर वेळी नीट सांगत होता. बरं वाटत होतं."

मी नंतर तिचा केसपेपर काढून बघितला. सोबत कोण, या रकान्यात एक आडवी रेघ आहे. दोन-अडीच महिने मी याच रकान्याच्या शेजारचे रकाने उतरवत होतो.

तर नमुना बरोबर होता. आईनं जे कुणाला सांगितलं नाही ते बाळाच्या रक्तात आलं. ती माझ्यापासून दोन हातांवर होती, कळा देत होती, आणि मी तिला घड्याळ वाचून दाखवलं. आणि वर हसलो.

९ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी फॉर्म आणि केसपेपर शेजारी-शेजारी ठेवून बघितले. मग म्हणाल्या, "म्हणजे नळी बरोबर, गट चुकीचा. काका, आपण कागदाला विचारलं, बाईला विचारलंच नाही." ऑपरेशनच्या गटातल्या सगळ्या बायकांना आता पुन्हा गाठून विचारायचं ठरलं, आणि फॉर्ममध्ये नवा रकाना आला: स्वतः विचारून भरणे. माझ्या पाठीवर थाप मारली. मोठ्या सिस्टरनं चहा पाजला. एकोणऐंशी झाले, शेवटचा नमुना उद्या अकराला.

मी खूश असायला हवं. घरी आलो, कुणाला सांगावं म्हणून फोन हातात घेतला, आणि लेकीला लावायच्या ऐवजी ही वही पहिल्यापासून वाचली. शाल, कोणी येणारं असलं तर. दरवाजा, तुम्हाला येतं ना. आईजवळ कोणी आपलं माणूस असलं तर.

माझं काहीतरी चुकतंय असं वाटतंय. पण ती स्पष्ट म्हणाली होती की यायची गरज नाही. उद्याचं काम झालं की परवा सावकाश विचारीन.

१० ऑक्टोबर, गुरुवार. बसमध्ये, अक्षर वाईट

सात पाचला फोन. शालीवर दुधाचा डाग पडलाय, कशानं काढू? सात पंचविसाला फोन. दरवाजा अजून घासतोच आहे. सात पंचेचाळीसला फोन. "काही नाही, सहजच. किती वाजले, बाबा?"

हातात फोन धरलेला माणूस दुसऱ्याला वेळ विचारत नाही.

मी म्हटलं, "दुखतंय?"

पलीकडून दात आवळून सोडलेला श्वास आला.

"कधीपासून?"

"पहाटेपासून. थोडंच आहे, बाबा. तुमचा आज शेवटचा नमुना ना? झाला की सांगणार होते."

माझी तारीख तिनं लक्षात ठेवली होती. मी तिची नुसती वहीत लिहून ठेवली होती.

"शेजारणीला हाक मार आणि दवाखान्यात जा. मी निघतो."

"अहो, नको, उगाच कशाला एवढ्या लांब..."

"मी तुला विचारत नाहीये."

पलीकडे ती रडायला लागली. लहानपणी पडल्यावर रडायची तशी, आधी आवाज न करता आणि मग एकदम. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. "ठेवतो" म्हटलं नाही. तिनंच ठेवला, कळ आली म्हणून.

फ्रीझरची किल्ली द्यायला दवाखान्यात गेलो. मोठ्या सिस्टरला कसं करायचं ते सांगायला लागलो, नीला आधी, रोहिणी नंतर, सुई आडवी... ती म्हणाली, "द्या इकडे ते ताट. तीन महिने खिडकीतून बघतेय मी, एक दिवस माझ्या हातानं केलं म्हणून जग बुडत नाही. पळा!" शेवटचा नमुना माझ्या हातचा नाही. याचं काहीच वाटत नाही, याचं आश्चर्य वाटतंय.

पिशवीत रंधा घेतलाय. शेजारी बसलेले गृहस्थ दोनदा वळून बघून झाले.

लेक जन्मली तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. फोनवर कळलं. वेळ विचारून घेतली होती, दोन वाजून दहा मिनिटं. ही जन्मभर थट्टा करायची, "यांनी आधी वेळ विचारली, मग मुलगी की मुलगा ते." थट्टाच होती असं मी धरून चाललो होतो.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दवाखान्यात पोचलो तेव्हा टेबलामागच्या मुलीनं विचारलं, कोण हवंय? नाव सांगितलं. तिनं केसपेपर काढला. मी उलट्या बाजूनं वाचला, सवय आहे. सोबत कोण, आडवी रेघ. "पेशंट म्हणाल्या, कोणी नाही," ती मुलगी म्हणाली.

"पेन द्या," मी म्हटलं. रेघेवर लिहिलं: वडील. अक्षर जरा मोठंच आलं.

आत एका माणसाला सोडतात. हिरवा डगला घालून मी तिच्या उशाशी उभा राहिलो, तोंड भिंतीकडे करून, कारण बघायचं कुठे ते मला कळेना. लेक म्हणाली, "बाबा, भिंत काय बघताय?" मग कळ आली आणि तिनं माझा हात धरला. मी म्हटलं, "कण्ह. मोठ्यानं कण्ह. मी आहे." हे असं मी हिच्या आईला कधी म्हटलं नव्हतं.

खिडकीच्या बाहेरून ऐकायचो त्यात आणि यात फार फरक आहे. तो लिहिता येत नाही.

बाळ रडलं. मुलगी. नाळ मी बघितली, इतकी बघितली आयुष्यात, पण अशी, दोन्ही टोकांना माणसं असलेली, कधी नाही. चिमटे लावले, कापली आणि तुकडा टोपलीत टाकला. मी काही म्हटलं नाही. कोपऱ्यात हात धुवत असलेली सिस्टर म्हणाली, "आजोबा, वेळ बघा हो, लिहायची आहे."

घड्याळ डाव्या मनगटाला होतं. मनगट लेकीच्या मुठीत होतं.

"सोडू का हात?" लेकीनं विचारलं.

मी नको म्हटलं. वेळ त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिली असेल. मी विचारली नाही.